आजचं चिंतन : आधी शेत ओळखा (गीता, अध्याय १३)



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय तेरावा, क्षेत्रक्षेत्रज्ञविभागयोग. सुरुवातीचे साधारण अकरा श्लोक वाचा. काही प्रतींत अर्जुनाच्या प्रश्नाचा एक जादा श्लोक असतो, त्यामुळे आकडे एकाने पुढेमागे होतात. गोंधळू नका.

आपल्यापैकी बरेच जण घर सोडून राहतात. कुणी पुण्यात पीजीवर, कुणी बंगळुरूला, कुणी जर्मनीत. पहिले काही आठवडे कसे जातात हे वेगळं सांगायला नको. आजचा पाठ मला त्याच आठवड्यांत कळला. तोवर तो फक्त पाठ होता.

श्लोक काय सांगतात?

भगवंत म्हणतात, हे शरीर म्हणजे क्षेत्र. क्षेत्र म्हणजे सरळ आपलं शेत. आणि या शेताला जो जाणतो, तो क्षेत्रज्ञ. मग शेतात काय काय येतं, त्याची यादी आहे. पंचमहाभूतं, इंद्रियं, मन, बुद्धी, अहंकार हे तर आहेच. पण त्याच यादीत इच्छा, द्वेष, सुख आणि दुःखही आहे. इथे जरा थांबा. आपण म्हणतो, "मी दुःखी आहे." गीता म्हणते, दुःख शेतात उगवलंय आणि तू ते बघणारा आहेस.

त्यापुढे ज्ञानाची लक्षणं येतात. पहिलंच अमानित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणं. पुढे घरादारात जीव गुंतवून न बसणं, एकांतात राहता येणं, अशी एकेक. ज्ञानेश्वर माउलींनी या लक्षणांवर किती थांबून लिहिलंय! ज्ञानेश्वरीतला हा फार मोठ्या अध्यायांपैकी एक आहे. माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका, त्यांच्याही नावावर 'सोपानदेवी' ही गीतेवरची टीका आहे. सोपानकाकांची पालखी सासवडहून पंढरीला जाताना आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकला मुक्काम करते. त्यामुळे क्षेत्र, क्षेत्रज्ञ हे शब्द मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. समजलेत असं वाटायचं. शेतकऱ्याच्याच पोराला शेत काय शिकवायचं?

अरावातले पहिले आठवडे

कृषीची पदवी झाल्यावर मी एक वर्ष पुढचं शिक्षण थांबवलं आणि इस्राएलला गेलो. सप्टेंबर २०२२. देशाच्या दक्षिणेला अरावा नावाचं वाळवंटी खोरं आहे. आशिया-आफ्रिकेतली कृषीची मुलं तिथे दहा-अकरा महिन्यांसाठी येतात. आठवड्यातले बरेचसे दिवस शेतावर काम आणि एक दिवस वर्ग. पाऊस वर्षाला जेमतेम २५ ते ५० मिलिमीटर. आमच्या तालुक्यातल्या जिराईत पट्ट्याला आपण दुष्काळी म्हणतो, तिथेही याच्या कितीतरी पट पडतो. आणि मी तर बागायती गावचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. हिरवं दिसणं बंद झालं की डोळ्यांना काय होतं, ते मला तिथे कळलं.

पहिला आठवडा खजुराच्या पॅकिंगमध्ये गेला. पट्ट्यावरून खजूर येतात, फाटलेले आणि बारीक वेगळे काढायचे. सकाळपासून तेच. दुसऱ्या आठवड्यात शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या दोऱ्या बांधल्या. कॉलेजात माझा पहिला नंबर असायचा. इथे नेपाळचा माझा रूममेट माझ्या दुप्पट वेगाने दोऱ्या बांधायचा आणि मालक मला खुणेने सांगायचा, "त्याचं बघ." राग यायचा. अमानित्वावर कीर्तन ऐकणं वेगळं आणि हे वेगळं!

घरी फोन रोज. तिकडे घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे मी कामावरून येईपर्यंत आई जेवणं आवरून बसलेली असायची. "जेवलास का रं?" "हो." "करमतंय का?" "एकदम मस्त आहे, आई." रोज हेच खोटं. माझ्या तिकिटाला आप्पांनी उसाच्या बिलातले पैसे दिले होते. ते वळते झाल्याशिवाय परत कुठल्या तोंडाने जायचं? तरी रात्री अंथरुणात पडून मी परतीच्या तिकिटाचे दर बघायचो. एकदा तर पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो.

नित्यनेम? तो पहिल्याच आठवड्यात सुटला. मग एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, अपराधी वाटून सलग तीन तास हरिपाठ, गीता, जे आठवेल ते म्हणत बसलो. रविवारी पुन्हा शून्य. (तिकडे आठवडा रविवारीच सुरू होतो.)

माझा न उगवलेला घट

२६ सप्टेंबरला घटस्थापना होती. योगायोग बघा, त्याच दिवशी यहुदी लोकांचं नवं वर्ष होतं, रोश हशाना. त्यांचेही महिने चंद्रावर चालतात.

आमच्याकडे घटाला रानातली काळी माती आणतात. पत्रावळीवर ती पसरून त्यात धान्य पेरायचं आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट नवा असतो, पाझरतो. माती नऊ दिवस तेवढ्यावरच ओली राहते. तिसऱ्या दिवशी मोड दिसतात, दसऱ्यापर्यंत चांगलं वीतभर धान उभं राहतं. आईने निघताना माझ्या बॅगेत सात धान्यांची पुडी घातली होती. परदेशात बी नेता येत नाही म्हणून मी ती घरीच काढून ठेवली होती.

मग तिथल्या दुकानातून गहू आणले. खोलीमागची माती एका ताटलीत घेतली, गहू पेरले. मातीचा घट नव्हता, म्हणून पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी टांगली. ठिबकच शिकायला आलो होतो ना! १९६५ साली हात्झेरिम नावाच्या किबुत्झने ठिबकच्या नळ्या बनवायला सुरुवात केली, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. मला वाटलं, आपला घट त्याआधी कितीतरी वर्षं हेच करतोय. फोटो काढून आईला पाठवला.

तिसरा दिवस गेला. चौथा गेला. काहीच नाही. मी जास्त पाणी घातलं. पाचव्या दिवशी मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय आली. गहू कुजले होते.

घट उगवला नाही, की आमच्याकडे बायका गप्प होतात. मी आईला पुढचे फोटो पाठवलेच नाहीत. ताटली मालकाने बघितली. त्याने मातीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि हसला. मीठ. तिथल्या विहिरींचं पाणी मचूळ, जमिनीतही क्षार. लावणीच्या आधी ते भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढतात, मगच रोप लावतात आणि मग मोजून पाणी देतात. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. पण घट मांडताना ती माती कोऱ्हाळ्याचीच आहे असं धरून चाललो.

आणि खरं तर हे मला गावीच कळायला हवं होतं. कालव्याचं मोकाट पाणी वर्षानुवर्षं देऊन आमच्या पट्ट्यातल्या काही जमिनी खारावल्या, चोपण झाल्या. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे. शेत न ओळखता पाणी दिलं म्हणून.

त्या संध्याकाळी मी माती पिण्याच्या पाण्याने तीनदा धुतली, निथळू दिली, पुन्हा गहू पेरले. आणि बऱ्याच दिवसांनी तेरावा अध्याय उघडला.

योम किप्पूर आणि दसरा

५ ऑक्टोबरला आपला दसरा आणि त्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कडक उपवास, पाणीसुद्धा नाही. संपूर्ण देशात रस्त्यावर गाड्या जवळजवळ बंद. आमच्या खोलीजवळच्या हमरस्त्यावर एरवी ट्रक असायचे, त्या दिवशी कुत्रंही नव्हतं. मी फोन बंद केला आणि रस्त्याकडेला जाऊन बसलो.

पहिला तासभर नुसती तडफड झाली. घरी आता आपट्याची पानं वाटत असतील, पुरणाचा वास सुटला असेल. मग यादी आठवली : इच्छा, द्वेष, सुख, दुःख. मी शेतात हिंडतो तसा मनात हिंडलो. घरची ओढ होती. ती मला माहीतच होती. पण तिच्याखाली रूममेटचा मत्सर निघाला. त्याखाली हरल्याची लाज. आणि सगळ्यात खाली, आईशी रोज बोललेलं खोटं. मला वाटत होतं मला घराची आठवण मारतेय. जमीन खारावली होती ती खोट्याने. आणि मी तिच्यावर शनिवारी तीन तास मोकाट पाणी सोडत होतो.

खोलीवर आलो तर ताटलीत दोन बोटं धान उभं होतं. चार काड्या उपटून पॅकिंगच्या टोपीत खोवल्या, देवाला नमस्कार केला आणि फोन चालू केला.

"आई, मला इथं अजिबात करमत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आरं, मला तरी पहिल्या वर्षी कुठं करमत होतं कोऱ्हाळ्यात?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती या गावात आली. तिला गाव सोडायचं का, असं कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणालो, "मग काय केलंस?" ती म्हणाली, "काय करणार? सकाळी उठून तुळशीला पाणी घातलं. मग पुढचं काम. घट उगवला का तुझा?"

शुक्रवारचा दिवा

पुढच्या आठवड्यात त्यांच्या सुक्कोत सणाची सुट्टी होती. बसने दिमोनाला गेलो. तिथे भारतातून गेलेली बरीच यहुदी कुटुंबं राहतात. एका दुकानात मसाले बघत होतो, मागून आवाज आला, "कुठला रे तू?" मराठी! ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल.

त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू विसरली, पण शनिवार राहिला आणि 'शेमा' ही एक प्रार्थना तोंडात राहिली. मराठी तर इतकी आपली झाली, की एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते स्वतःच्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठी कीर्तनं करू लागले.

आजी १९६०च्या दशकात तरुणपणी इकडे आल्या. म्हणाल्या, "पहिलं वर्ष रडत काढलं. पण शुक्रवारचा दिवा कधी चुकवला नाही."

आईची तुळस आणि आजींचा दिवा. दोघींनी गीतेचा तेरावा अध्याय वाचला नसेल कदाचित. पण रोजचं, मोजकं, न चुकणारं पाणी दोघींनाही ठाऊक होतं. मी परतीचं तिकीट काढलं नाही. करमायला लागलं ते डिसेंबरात, मिरचीची तोडणी जोरात सुरू झाल्यावर. वर्ष पुरं करून आलो आणि आप्पांचे पैसेही वळते झाले.

आजचा अभ्यास

१. आज एकदा "मी उदास आहे" असं मनात आलं, की ते बदलून म्हणा, "शेतात उदासी उगवली आहे." मग विचारा, तिच्याखाली काय आहे? एका ओळीत वहीत लिहा.

२. नेम ठिबकसारखा ठेवा. एक श्लोक किंवा हरिपाठाचा एक अभंग, पाच मिनिटं, रोज एकाच वेळी. एकादशीला जास्त केलंत तर आनंदच आहे, पण रोजचं चुकवून नको.

३. घरी कुणाशी "सगळं मस्त" असं बोलत असाल, तर आज एका माणसाला खरं सांगा.

एक मात्र लक्षात ठेवा. क्षेत्रज्ञ होणं म्हणजे दुःख गिळून दगड होणं नाही. कित्येक दिवस झोप नाही, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर ते शेत एकट्याने बघायचं नसतं. जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. जाणत्या माणसाला बांधावर बोलावणं हेही शेतकऱ्याचंच काम आहे.

प्रार्थना

पांडुरंगा, या शेताचा खरा जाणता तूच आहेस. मला माझी माती ओळखू दे. जिथे पेरलं आहेस तिथे रोज थोडं पाणी घालायची बुद्धी दे. उगवणं तुझ्या हाती.

उद्या याच अध्यायातलं पुढचं लक्षण बघू. तोवर आपापल्या तुळशीला पाणी घाला.

राम कृष्ण हरी!