तापांतील डोकेदुखी : केव्हां थांबावें व केव्हां धांवावें



पावसाळा लागला म्हणजे खेडोपाडीं "डोकें फार दुखतें" ही तक्रार वारंवार कानीं येते. कोणी सुंठ उगाळून कपाळाला लावतो, कोणी फडकें घट्ट बांधून पडून राहतो, कोणी दृष्ट काढवितो. पुष्कळदां दुखणें चार दिवसांत आपोआप जातें, आणि श्रेय मात्र सुंठीला किंवा मीठमोहऱ्यांना मिळतें. परंतु क्वचित् हीच डोकेदुखी मोठ्या आजाराची पहिली वर्दी असते. ती ओळखावी कशी, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. डोकें कां दुखतें?

डोकेदुखी हा येथें स्वतंत्र रोग नव्हे. तें लक्षण आहे. विषाणु हे इतके सूक्ष्म कीं साध्या सूक्ष्मदर्शकांतून ते दिसत नाहींत. ते शरीराच्या पेशींत शिरून आपली संख्या वाढवितात. शरीर प्रतिकार करूं लागतें, तेव्हां रक्तांत कांहीं रासायनिक द्रव्यें सुटतात. त्यांच्या योगानें ताप चढतो, अंग मोडून येतें आणि मस्तकांतील रक्तवाहिन्या व मेंदूचीं आवरणें हुळहुळीं होतात. खुद्द मेंदूला वेदना कळत नाहीं. कळते ती या आवरणांना व वाहिन्यांना. म्हणून फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, कोविड अशा निरनिराळ्या आजारांत डोकें दुखतें.

मात्र केवळ डोकेदुखीवरून रोग ठरवितां येत नाहीं. हिवतापांतही असेंच डोकें दुखतें. पण तो विषाणूनें होत नाहीं आणि त्याचें औषध निराळें आहे. यास्तव ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें.

२. डेंग्यूची डोकेदुखी

डेंग्यूमध्यें ताप एकाएकीं चढतो, कपाळ ठणकतें, डोळ्यांच्या मागें दुखतें, आणि डोळे फिरविले असतां कळ अधिक येते. एका पावसाळ्यांत आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला असें झालें. चौथ्या दिवशीं ताप उतरला. घरच्यांस हायसें वाटलें व बाप शेतावर निघून गेला. आम्हींही त्या सकाळीं "आतां बरा होईल" असेंच म्हटलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. सायंकाळीं मुलगा पोट धरून ओकूं लागला. हातपाय गार पडले. रात्रींच त्याला तालुक्याच्या गांवीं रुग्णालयांत नेलें, शिरेंतून सलाईन देण्यांत आलें, आणि तो वांचला.

त्या दिवशीं आम्ही शिकलों तें हें : डेंग्यूचा खरा धोका बहुधा ताप उतरतांना, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. त्या वेळीं रक्तांतील द्रव वाहिन्यांतून पाझरूं लागतो व रक्तदाब खालावतो. पोटांत तीव्र वेदना, वारंवार ओकारी, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, तळमळ अथवा ग्लानि, हीं चिन्हें दिसतांच क्षणही दवडूं नये.

३. मेंदूपर्यंत पोंचणारे विषाणु

१९६५ सालीं नागपूर भागांतील चांदीपुरा येथें तापाच्या रोग्यांच्या रक्तांत एक नवा विषाणु सांपडला. त्याला त्या गांवाचेंच नांव मिळालें. तो वाळूमाशीच्या चाव्यानें पसरतो. २००३ सालीं आंध्र प्रदेश व महाराष्ट्र येथें आणि २०२४ सालीं गुजराथेंत त्यानें बालकांचे प्राण घेतले. ताप, डोकेदुखी, ओकारी, झटके व बेशुद्धि हा क्रम कधीं कधीं एकदोन दिवसांतच पुरा होतो.

म्हणून तापांत मान ताठली, उजेड सोसेना, रोगी असंबद्ध बोलूं लागला, झटके आले, किंवा हांका मारूनही जागा होईना, तर लेप व अंगारे बाजूस ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. घरीं काय करावें?

साध्या तापांत विश्रांति घ्यावी. पाणी, पेज, ताक, सरबत वरचेवर द्यावें. डॉक्टर सांगतील त्या प्रमाणांत पॅरासिटामॉल घ्यावें. डेंग्यूचा संशय असतां ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊं नये, कारण त्यांनीं रक्तस्रावाचें भय वाढतें. प्रतिजैविक औषधें विषाणूंवर चालत नाहींत. तीं मागून घेऊं नयेत.

डेंग्यूचा डांस दिवसा चावतो व घराजवळच्या सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. यासाठीं रांजण व हौद आठवड्यांतून एकदां रिकामे करून, घासून कोरडे करावे. करवंट्या व जुने टायर अंगणांत पडूं देऊं नयेत. वाळूमाशी भिंतींच्या भेगांत राहते. त्या भेगा लिंपून घ्याव्या.

प्रश्न

१. डोकें दुखतें तेव्हां वेदना कोणत्या भागांना कळते?
२. डेंग्यूचा ताप उतरला असतां कोणत्या चिन्हांवर नजर ठेवावी?
३. रोग्याला तत्काळ रुग्णालयांत कधीं न्यावें?
४. आपल्या घरीं पाणी कोठें कोठें सांठतें, तें आजच पाहून या.

ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांना हा धडा मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि ताप उतरण्याच्या दिवसांविषयींचा भाग दोनदां वाचावा.