भरपाईचा हक्क आणि मदतीचा मुखवटा

मुंबईच्या उपनगरी लोकलमधून पडून मरण पावलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाला जी नुकसानभरपाई मिळते, ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर रेल्वे अधिनियम, 1989 मधील कलम 124-अ मुळे. प्रवासी गाडीतून अपघाताने पडणे ही या कलमाखाली रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाईस पात्र ठरणारी घटना आहे, आणि मृत्यूसाठीची रक्कम 1 जानेवारी 2017 पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये करण्यात आली आहे. मात्र रूळ ओलांडताना झालेला मृत्यू किंवा आत्महत्या यांना हे कलम लागू होत नाही. एवढी माहिती शवागाराच्या दाराशी कोणी सांगत नाही; ती विकणारे मात्र नेमके तिथेच उभे असतात.

पतीच्या अशाच मृत्यूनंतर प्रस्तुत लेखिकेला भेटलेला गृहस्थ परिसरात समाजसेवक म्हणून ओळखला जाई. 'ताई, तुम्ही फक्त सह्या करा, धावपळ आमची' असे सांगून त्याने वकीलपत्र, म्हणजे वकिलाला बाजू मांडण्याचा अधिकार देणारा कागद, आणि त्याच गठ्ठ्यात बँकेच्या कोऱ्या स्लिपा सही करून घेतल्या. खाते त्यानेच उघडून दिले आणि पासबुकही 'सुरक्षित राहावे' म्हणून स्वतःजवळ ठेवले. पुढे दावा मंजूर झाल्याचे लेखिकेला कळले ते त्याच्याकडून नव्हे. बँकेत जाऊन नव्याने उतारा घेतला तेव्हा रक्कम जमा झालेली आणि तिचा मोठा भाग लगोलग काढून घेतलेला दिसला, आणि काढणाऱ्याच्या जागी सही होती ती लेखिकेचीच. जाब विचारल्यावर त्या गृहस्थाने समोरचा चहा संपवला, खुर्ची जराही न हलवता 'आम्ही नसतो तर दमडी मिळाली नसती' असे ऐकवले, आणि त्यानंतरच्या एका सत्कारात 'आपण उभे केलेले कुटुंब' म्हणून त्याच कुटुंबाचा उल्लेख केला. नातेवाइकांनी 'शिकलेली असून फसली' असा निवाडा दिला. परंतु पतीचा देह ताब्यात मिळण्यापूर्वी घेतलेल्या सहीला संमती म्हणणे हाच मुळात अन्याय आहे, आणि त्याचा दोष सही करणाऱ्याकडे जात नाही.

या संतापातून लेखिका आणि तशाच प्रसंगातून गेलेल्या काही स्त्रिया इतर कुटुंबांना मोफत माहिती देऊ लागल्या, आणि त्या कामातून काही गोष्टी निश्चित सांगता येतात. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे केवळ रेल्वेविरुद्धचे दावे चालवणाऱ्या मंचापुढे, अपघातापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो; सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. तिथे स्वतः बाजू मांडता येते, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. त्यामुळे टक्केवारी मागणारा माणूस कुटुंबाची अपरिहार्य गरज कधीच नसतो.

लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, स्टेशन मास्तरांचा मेमो आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती पहिल्या आठवड्यातच मागाव्यात, कारण घटनास्थळाविषयी पंचनाम्यात पडलेला चुकीचा शब्द पुढे दाव्यावर उलटतो. तिकीट सापडले नाही म्हणून दावा बुडाला असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले की मृताजवळ तिकीट नसणे एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही, आणि कुटुंबाने प्रतिज्ञापत्रावर संबंधित वस्तुस्थिती मांडल्यावर ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर जातो. तरीही मासिक पासाचा फोटो घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनमध्ये असावा, कारण फोनमधला पास फोनबरोबरच चिरडला जातो. भरपाईसाठीचे बँक खाते वारसाने स्वतः जाऊन उघडावे, नोंदीसाठी स्वतःचाच मोबाईल क्रमांक द्यावा, आणि रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याची विनंती न्यायाधिकरणाला करावी. धीर धरावा, कागद जपून ठेवावेत, कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तर सर्वच सांगतात.

दुःख भोगलेल्यांनी इतरांच्या मदतीला जावे हे योग्यच. पण जाताना पिशवीत कागदपत्रांची यादी असावी, सहीसाठीचे कागद नसावेत, आणि मिळालेल्या रकमेचा आकडाही विचारू नये. मदत झालेल्या कुटुंबाला व्यासपीठावर बोलावू नये, त्याच्या फोटोखाली स्वतःचे नाव छापू नये. तो गृहस्थ आजही हारतुरे स्वीकारतो. त्याचे दुकान बंद पाडणे लेखिकेच्या हाती नाही, पण त्याच्या आधी शवागाराच्या दाराशी पोहोचणे आहे.