भिंतीवरील रंगास भेगा : कारणे व उपाय

गोव्यात गणेशचतुर्थीपूर्वी घर रंगविण्याची प्रथा आहे. हा काळ ऐन पावसाळ्याचा असतो. ओलसर भिंतीवर दिलेल्या रंगास पुढे भेगा पडतात, पापुद्रे सुटतात आणि गृहस्थाने केलेला खर्च वाया जातो. अशा वेळी दोष बहुधा रंगाचा नसून त्याखालील भिंतीचा असतो. म्हणून रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी मूळ कारण शोधणे अगत्याचे आहे.

भेगांची ओळख : केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा घाईने वाळल्यामुळे पडतात. सिमेंटचा नवा गिलावा किमान ७ दिवस पाण्याने ओला ठेवावा व नंतर सुमारे महिनाभर सुकू द्यावा. काँक्रीटची तुळई व भिंत यांच्या सांध्यावर भेग पडू नये, यासाठी गिलाव्यापूर्वी तेथे तारेची जाळी बसवावी. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असल्यास तिच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेपुढे वाढल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जुनी घरे : चिऱ्यांच्या जुन्या भिंतींवरील चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. त्यावर प्लॅस्टिक रंग दिल्यास ओल आत कोंडते व रंग फुगून सुटतो. अशा भिंतींची डागडुजी चुन्यानेच करून वर चुन्याची सफेदी देणे हितावह ठरते.

दुरुस्ती : प्रथम छपराची वा नळाची गळती थांबवावी. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीस चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतील बाजूस थेंब जमल्यास भिंत अद्याप ओली आहे असे समजावे. भिंत सुकल्यावर सुटा रंग खरवडावा, भेग किंचित रुंद करून धूळ झाडावी, लांबी भरावी व वाळल्यावर काचकागदाने घासावी. नंतर अस्तराचा एक हात व रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये.

दक्षता : घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्रीय नियम २०१६ साली झाले व २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. तो ओला करून खरवडावा, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

चतुर्थीपूर्वी भिंती झाडून-पुसून घ्याव्यात. रंगकाम मात्र पावसाळ्यानंतर भिंती सुकल्यावरच हाती घ्यावे. त्यातच गृहस्थाची खरी बचत आहे.