संगीतशाळेचे एक वर्ष

गुरुपौर्णिमेस आमच्या मंदिराच्या सभामंडपात गायनवर्गाचे नवे वर्ष सुरू होते, हे सभासद कुटुंबांस विदित आहेच. त्या दिवशी मुलांस बसावयास सतरंजी पुरत नाही. दसऱ्यास सरस्वतीपूजन होईपर्यंत तीच सतरंजी निम्मी मोकळी दिसू लागते, आणि वसंतपंचमीस अनेक कुटुंबे धाकट्या मुलांच्या अक्षराभ्यासासाठी बासरला जाऊन येतात तेव्हा वर्गात मागे राहिलेली मुले सहज मोजता येतात. असे दर वर्षी का व्हावे, याचा विचार करीत असता आम्ही पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाची हकीकत पुन्हा वाचावयास घेतली. गायनाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो केवढा! शिक्षण शाळेपुरतेच, आणि वडील आरती करीत असता मागे उभे राहून जेवढे कानी पडले तेवढेच आमचे संगीत. तथापि जे उमगले ते सभासदांपुढे ठेवावे असे वाटले.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. म्हणजे गाणे या मुलाच्या कानी प्रथम पडले ते देवळात, चार माणसे समोर बसलेली असताना. बालपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांस इजा झाली, दृष्टी अधू झाली, शालेय शिक्षण खुंटले. तेव्हा मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास त्यांस ठेवण्यात आले. बुवा ग्वाल्हेर परंपरेचे थोर गवई. परंतु एका समारंभाचे निमंत्रण शिष्यास आले आणि गुरूस आले नाही. कारण विचारता, ते काय, गवईच की, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे सांगतात. ही गोष्ट शिष्याच्या मनास फार लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा अशी मजल करीत ते पंजाबात गेले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून, कित्येक वर्षे घालवावयाची. संस्थानिकाच्या आश्रयावाचून गवयाचे पोट भरत नसे, आणि सभ्य गृहस्थ मुलांस गाण्यापासून दूरच ठेवीत. लाहोरच्या शाळेने हा क्रम पालटला. ती कोणा राजाची शाळा नव्हती. लोकांच्या वर्गणीवर आणि पंडितजींच्या जलशांच्या उत्पन्नावर ती चाले. तेथे इयत्तांप्रमाणे अभ्यासक्रम होता, स्वरलिपीत छापलेली पुस्तके होती, स्त्रियांसाठी निराळे वर्ग होते. उपदेशक वर्ग म्हणून एक नऊ वर्षांचा क्रम होता. त्यातील विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय शाळाच करी, आणि शिकून तयार झाल्यावर त्यांनी इतरांस शिकवावे अशी अपेक्षा असे. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. तरी पंडितजी शाळेच्या वेळेस तंबोरा घेऊन रिकाम्या खोलीत गात बसत, असे सांगतात. आमच्या निम्म्या सतरंजीचे दुःख त्यापुढे ते काय?

आता आमच्या वर्गात वर्षभर काय चालते ते सांगतो. पहिले दोन महिने सा आणि प लावण्यातच जातात. तंबोरा आहे, परंतु त्याच्या तारा लावणारे सद्गृहस्थ रोज येऊ शकत नाहीत, म्हणून बहुधा मोबाईलमधला तंबोरा वाजतो. मग भूप. यात सा रे ग प ध असे पाचच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. मुलास स्वरांची वाट सापडण्यास हा राग फार सोयीचा. गेल्या वर्षी एक गंमत झाली. गुरुजींनी फळ्यावर हे पाच स्वर लिहिताच शेजारच्या तेलुगू कुटुंबातील मुलगा म्हणाला, “हा तर आमचा मोहनम्!” आणि त्याने तो गाऊनही दाखविला. स्वर तेच, मात्र हलविण्याची आणि ठेवण्याची रीत निराळी. पुढील रागात, दुर्गेत, तोच अनुभव आला, कारण कर्नाटक पद्धतीतील शुद्ध सावेरीचे स्वर आणि दुर्गेचे स्वर एकच आहेत. आमच्या आदिलाबादेत घरी मराठी, शाळेत तेलुगू, अशी मुलांची स्थिती असते. एका मुलाने तर समर्थ रामदास आणि भद्राचलम् रामदास हे एकच समजून उत्तर लिहिले होते! दोघेही सतराव्या शतकातले आणि दोघेही रामाचे, तेव्हा त्याची चूक आम्हांस फारशी मोठी वाटली नाही.

येथवर सर्व ठीक चालते. आमची चूक पुढे होते. संक्रांत झाली की रामनवमीच्या कार्यक्रमाचे वारे वाहू लागतात, आणि मग वर्ग वर्ग राहत नाही. एकच चीज घोटली जाते. जी मुले चुणचुणीत ती पुढे बसतात. उरलेली मागे बसून ऐकतात व हळूहळू येईनाशी होतात. दोन वर्षांपूर्वीच्या रामनवमीस सायंकाळी एका मुलीस आम्ही एकटीने भूप गाण्यास बसविले. देणगीदार मंडळी यावयाची होती, तिचा आवाज गोड, आणि वर्गाचे काम त्यांच्या नजरेस पडावे हा आमचा हेतू. तिने स्थायी उत्तम म्हटली. अंतऱ्याच्या तोंडाशी ती थांबली, पुन्हा आरंभ केला, पुन्हा थांबली. मंडपात शांतता पसरली. त्या मुलीने तोपर्यंत दहा माणसांसमोरही एकटीने कधी गायिले नव्हते, हे आमच्या ध्यानात तेव्हा आले!

पुढच्या रांगेत एक वृद्ध आजी होत्या. कार्तिकातील काकड्यास कित्येक वर्षे न चुकता येणाऱ्या. त्यांनी बसल्या जागेवरून, पेटीच्या सुरातच, पहाटे देवास जागविण्याची एक भूपाळी म्हणावयास आरंभ केला. आणखी दोघी-तिघींनी साथ धरली. ती मुलगीही मान खाली घालून त्यांत मिसळली. (भूपाळी हे नाव भूप रागावरूनच पडले असे मानतात, राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि भूपाळी मात्र पहाटेची, हे कोडे आम्हांस अद्याप सुटलेले नाही.) त्यानंतर दीड महिना ती मुलगी वर्गास आली नाही. अखेर त्या आजींनीच तिला हाताला धरून आणली. दोष मुलीचा नव्हता, तिच्या गुरुजींचाही नव्हता; तिला बसविण्याची घाई आम्ही केली होती.

पलुस्करांचे चरित्र आम्हांस या ठिकाणी उपयोगी पडले. ते शिष्यांस बरोबर घेऊन गावोगाव जलसे करीत. त्यांच्याकडे लोकांसमोर गाणे हे शिक्षणाच्या अखेरीस मिळणारे बक्षीस नसून शिक्षणाचाच भाग होते, आणि ऐकणारेही त्याबरोबर तयार होत. मुंबईस १९०८ मध्ये त्यांनी शाळा काढली, कर्ज काढून इमारत बांधली, आणि ती इमारत कर्जापायीच गेली. १९२३ मध्ये काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते वंदे मातरम् गायिले, तेव्हा तेलुगू भूमीनेही त्यांचा आवाज ऐकला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. पित्याने ज्यांस शिकविले त्या विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्या मुलास शिकविले, आणि तोच मुलगा डी. व्ही. पलुस्कर म्हणून सर्व देशास परिचित झाला. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. इमारत राहिली नाही, परंतु शिकविणारी माणसे राहिली होती. त्याच शिष्यांनी १९३१ मध्ये अहमदाबाद येथे स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेस आज आमची मुले बसतात.

परीक्षेविषयी पालक फार विचारतात. प्रमाणपत्र चांगलेच; त्यासाठी मुलांस परगावी नेण्याचा खर्चही आम्ही वर्गणीतून करतो. परंतु प्रमाणपत्र मिळाले की गाणे बंद, असेही आम्ही पाहिले आहे.

गेल्या गुरुपौर्णिमेपासून आम्ही एक फेर केला. दर शनिवारी आरतीनंतर पाव घटका एक मूल एकटे गाते; ध्वनिक्षेपक नाही, हार नाही, पुढे बसतील ती माणसे. पाळी सर्वांची येते, बेसूर मुलांचीही. कोणी दोनच अलंकार म्हणतो, कोणी सरगम. वर उल्लेखिलेली मुलगी भाद्रपदात गायिली. अंतऱ्यापाशी ती क्षणभर थांबली, पुढे गेली. या वसंतपंचमीस सतरंजी निम्म्याहून अधिक भरलेली होती.

उणीव आहे ती श्रोत्यांची. आरती होताच मंडळी चपला शोधू लागतात. शनिवारी प्रत्येक कुटुंबातील निदान एकाने तेवढा वेळ खाली बसावे, मूल चुकल्यास हसू नये, आणि ठाऊक असलेले काही गायिले गेले तर हळू आवाजात साथ धरावी, एवढीच विनंती. येत्या शनिवारी पाळी त्या मोहनम् गाणाऱ्या मुलाची आहे. तो भूप म्हणणार आहे.