६०० युरो परत आले, रुपये मात्र कमीच

व्हिसा वेळेत आला नाही, यात माझा काही दोष नव्हता. लिस्बनचं हॉटेल मुदतीच्या आत रद्द केलं, पूर्ण रक्कम परत करत असल्याचा ईमेलही आला. तरी कार्डाच्या हिशेबात २,७७० रुपये कमी. एवढ्याशा रकमेसाठी डोकं कशाला पिकवायचं, असं घरच्यांचं मत. माझं नाही.

हॉटेलला लिहिलं. त्यांनी पावत्या पाठवल्या: ६०० युरो घेतले, ६०० युरो दिले. बँकेला फोन केला, तर ‘मॅडम, आलेली रक्कम आम्ही जशीच्या तशी जमा केलीय.’ दोघंही खरं बोलत होते, आणि मला राग आला तो त्याचाच. भांडणार कोणाशी?

रात्री दोन्ही बिलं समोर घेऊन बसले. पैसे कापले तेव्हा युरो ९० रुपयांना लागला होता, म्हणजे ५४,०००. त्यावर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप १,८९० आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी ३४०. परत येताना दर ८९.१०, म्हणून जमा ५३,४६०. दरातले ५४० मी सोडून दिले. दर वर गेला असता तर माझाच फायदा होता. पण उरलेले २,२३०? प्रवास नाही, मुक्काम नाही, शुल्क मात्र पूर्ण. ‘चलन बदलून दिलं ना, ते शुल्क परत होत नाही,’ हे वाक्य फोनवरच्या मुलाने इतक्या वेळा म्हटलं की मलाच पाठ झालं. कुठे लिहिलंय विचारलं तर अटींची लिंक पाठवली. बारीक अक्षरांत, अर्थातच.

तेव्हा परदेशातलं बुकिंग करताना पैसे हॉटेलवर पोचल्यावर देण्याची सोय असेल तर तीच घ्या. आगाऊ भरून लगेच बेत बदलला, तर त्याच दिवशी हॉटेलला तो व्यवहार ‘व्हॉइड’ करता येतो का, ते विचारा. रक्कम प्रत्यक्ष वसूल होण्याआधी हे झालं तर रिफंडच्या फेऱ्यात पडावं लागत नाही. स्क्रीनवर ‘रुपयांत भरा’ असा गोड पर्याय आला तर भुलू नका. तिथे दर समोरच्याकडचा, सहसा महाग, आणि व्यवहार परदेशातला म्हणून आपली बँकही वर शुल्क लावू शकते. काही कार्डांवर तर रिफंडच्या रकमेवरही मार्कअप कापतात. कार्ड घेतानाच विचारा.

रिफंड दिसतच नसेल तर हॉटेलकडून रिफंडचा २३ आकडी संदर्भ क्रमांक (एआरएन) मागून घ्या. तो बँकेला दिला की ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ हे उत्तर टिकत नाही. लावलेला दर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साइटवर तारखेनुसार तपासता येतो. तारीख मात्र व्यवहार प्रोसेस झाल्याची धरा. रिफंड येणार म्हणून बिल थकवू नका. दर किंवा शुल्क अटींबाहेरचं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. माझ्यासारखं अटींतच लिहिलेलं असेल तर तिथेही फारसं हाती लागायचं नाही.

मार्कअप न घेणारी कार्डं आता मिळतात. मी तसं एक घेतलं आणि जुनं बंद केलं. का बंद करताय, हे विचारायला बँकेचा फोन लगेच आला.