आरोग्य धडा : डेंग्यूत मुलाचे रक्त काय सांगते?



पाऊस सरत आला की आपल्याकडे गळिताची तयारी सुरू होते. त्याच सुमारास वाडीवस्तीवर डेंग्यूही डोके वर काढतो. पोर तापाने फणफणले की आपण दवाखाना गाठतो. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टरसाहेब, प्लेटलेट किती?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याच कागदावर आणखी एक आकडा असतो. तो वाचायला आज शिकू या.

त्याचे नाव हिमॅटोक्रिट. काही रिपोर्टवर पी.सी.व्ही. असे लिहितात. शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग, हे तो सांगतो. बाकीचा बहुतेक भाग पातळ द्रव असतो.

गुऱ्हाळावर काहिलीत रस आटतो तेव्हा काय होते? पाणी जाते, साखर तेवढीच राहते आणि ब्रिक्स वाढतो. डेंग्यूत असेच काहीसे घडते. बारीक रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो, छातीत-पोटात साठतो आणि मागे राहिलेले रक्त घट्ट होते. म्हणून हिमॅटोक्रिट चढतो. द्रव फार झिरपला तर रक्तदाब कोसळतो. मुलाच्या जिवाला खरा धोका येथे आहे.

आता हिशेब पाहा. पहिल्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढ ही मोठी गळती समजतात. आधी ३६ असेल तर ४३ च्या पुढे. पण आपल्याकडे पुष्कळ मुलांना रक्त कमी असते. अशा मुलाचा आकडा ३० वरून ३६ झाला तर कागदावर तो ठीकच दिसेल, वाढ मात्र पुरी २० टक्के आहे! म्हणून पहिला रिपोर्ट फेकू नका. दुसरा काढाल तेव्हा दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.

प्लेटलेट एरवी दीड ते चार लाख असतात. त्या झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढत असेल, तर ती धोक्याची घंटा आहे. पांढऱ्या पेशी बहुधा याच्याही आधी कमी होतात. एन.एस.वन ही तपासणी डेंग्यू आहे का एवढे सांगते, आजार किती वाढेल ते सांगत नाही.

सर्वांत मोठी चूक कोठे होते? ताप उतरला की आपण म्हणतो, "सुटलो बाबा!" गळती बहुधा तेव्हाच सुरू होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना पुढचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून पाहावे. रक्त पुन्हा कधी तपासायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पुढील खुणा दिसल्या तर रिपोर्टची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा :

१. पोटात सारखे दुखणे
२. उलट्या न थांबणे
३. नाक-हिरड्यांतून रक्त, काळी शी
४. मूल सुस्त पडणे किंवा फार चिडचिडणे
५. हातपाय गार पडणे
६. पाच-सहा तास लघवी न होणे

तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढेच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. पेज, ताक, नारळपाणी, ओ.आर.एस. थोडे थोडे पाजत राहावे. पपईच्या पानांच्या रसावर भरवसा ठेवून घरी बसू नये. रक्तातून गळालेले पाणी त्याने भरून येत नाही.

शेवटी मूळ कारण. हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एक दिवस हौद, रांजण, पिंपे घासून कोरडी करावीत. तोडणी मजुरांच्या कोप्यांजवळची पिंपेही झाकलेली आहेत का ते पाहावे. तीही आपलीच लेकरे आहेत.