प्रवासी गाडीतली जागा आणि पुण्याचा दौरा



लागणीचा हंगाम जवळ आला की आपल्या गटागटांतून गाड्या पुण्याकडे निघतात. कोणाला मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून टिश्यू कल्चरची रोपे आणायची असतात, कोणाला माती-पाण्याचे नमुने द्यायचे असतात, कोणाचे शिवाजीनगरला साखर संकुलात काम असते. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरले की निम्मा गाव तिकडे. पूर्वी हा सगळा प्रवास एसटीने व्हायचा. आता चार-पाच जण मिळून सात-आठ आसनी गाडी काढतात, नाहीतर बारा-तेरा जण मिळून ट्रॅव्हलर ठरवतात. सोय झाली हे चांगलेच. पण गाडीत बसायला जागा किती हे आपण बघतो, आणि सामानाला जागा किती, ती कुठे, आणि कशासाठी, हे मात्र निघायच्या वेळी बघतो. सबब या अंकात खताविषयी न लिहिता गाडीतल्या कप्प्यांविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याचा आणि गाडीचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध पुढे रोपांच्या हिशेबात दिसेल.

तसे बघितले तर ही गाडी पुण्याचीच. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. त्यांची तीनचाकी इतकी पसरली की आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या मालगाडीला आजही 'टेम्पो'च म्हणतात. ट्रॅव्हलर ही प्रवासी गाडी १९८७ पासूनची, आणि २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. ट्रॅव्हलरच्या नावापुढे ३३५० किंवा ४०२० असा आकडा असतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधल्या अंतराचा, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा म्हणजे गाडी लांब. पण लांब गाडीत बाकही जास्त बसवतात, त्यामुळे शेवटच्या बाकामागे सामानाला जागा जास्त मिळेलच असे नाही. गाडी ठरवताना मागचे दार उघडायला लावून ही जागा डोळ्यांनी बघावी. फोनवर "भरपूर डिकी आहे" असे सगळेच सांगतात.

आता वजनाचा हिशेब. गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन वजने असतात : रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. या दोहोंतला फरक म्हणजे गाडीने उचलायचे एकूण ओझे, माणसे धरून. समजा हा फरक १,००० किलो आहे. चालक धरून १३ माणसे, सरासरी ६५ किलोची, म्हणजे ८४५ किलो झाले. उरले १५५. युरियाची गोणी ४५ किलोची. तीन गोण्यांचे १३५ झाले की १३ जणांच्या पिशव्या, डबे आणि पाण्याचे कॅन यांना मिळून २० किलो राहतात! तेव्हा "मागे जागा आहे की, टाक अजून एक" हे म्हणणे चुकीचे आहे. जागा असते, पण गाडीची ताकद संपलेली असते. टायरमधली हवा किती असावी याचा तक्ता बऱ्याच गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो; भरलेल्या गाडीचा आकडा त्यात वेगळा असतो. तो पाहूनच हवा भरावी.

टपावरच्या कॅरिअरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तिथे हलके आणि मोठे सामान ठेवावे : अंथरुणाच्या वळकट्या, रिकामे ट्रे, चटया. जड पोते वर गेले की गाडीचा तोल वर जातो, आणि दिवे घाटासारख्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. ताडपत्री बांधताना पुढची बाजू आधी आवळावी. वारा तिथूनच आत शिरतो. आणखी एक गोष्ट, पुण्यात दवाखान्यांच्या आणि मोठ्या दुकानांच्या तळघरातले वाहनतळ कमी उंचीचे असतात. दारावर उंचीची पाटी असते. कॅरिअर धरून आपली गाडी किती उंच, हे चालकाला ठाऊक पाहिजे.

आत जड वस्तू खाली आणि बाकाच्या पाठीला टेकवून ठेवावी. डोक्यावरच्या फळीवर चादर, टोपी, कागदाच्या पिशव्या एवढेच. स्टीलचे डबे, पाण्याचा जार, कोयता, खुरपे वर ठेवू नये. यात अतिशयोक्ती नाही, हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीतली वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढ्या जोराने आदळेल, तेवढ्या जोराने गाडी अचानक थांबल्यावर पुढे आदळते. १० मीटर म्हणजे तिसऱ्या मजल्याची गच्ची. तिथून दहा किलोचा डबा कोणाच्या डोक्यावर पडावा असे आपल्याला वाटेल काय? माणसालाही हाच नियम लागू आहे, म्हणून मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा. पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण तो दंड ही त्यातली लहान गोष्ट.

बाकाखालची जागा चपला आणि पिशव्यांसाठी चांगली, पण चालकाच्या पायाशी काहीही ठेवू नये. पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर ब्रेक दबत नाही. बाटलीसाठी दारात खोबण असते, तिचा उपयोग करावा. पुढचा झाकणाचा कप्पा गाडीच्या कागदांसाठी आणि प्रथमोपचाराच्या पेटीसाठी. त्यात तंबाखूच्या पुड्या आणि टोलच्या पावत्या कोंबलेल्या आम्ही नेहमी बघतो. ऐन वेळी विम्याचा कागद सापडत नाही तो याच कारणाने.

सीएनजीच्या गाडीत सिलिंडर बहुधा मागे असतो आणि डिकीची बरीच जागा त्यात जाते. त्याच्यावर पोती रचू नयेत, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेल एवढी जागा मोकळी ठेवावी. जास्त सामान मावावे म्हणून बाक उखडून काढणारेही काही जण आहेत. दुमडता येणारा बाक जरूर दुमडा, तो त्यासाठीच दिला आहे. पण उखडणे म्हणजे गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या रचनेत फेरफार, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली त्याला मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल.

आता आमच्या मूळ विषयाकडे येतो, तो म्हणजे नमुने आणि रोपे.

मांजरीची संस्था १९७५ साली ऊस उत्पादक सभासदांनीच डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी केली; वसंतदादांचे नाव तिला १९८९ साली दिले गेले. ती सोलापूर रस्त्याच्या बाजूला, हडपसरच्या अलीकडे आहे. म्हणजे आपल्या बाजूने जाताना मांजरी आधी लागते आणि पुणे शहर नंतर. परत येताना शहर आधी, मांजरी शेवटी. या एका गोष्टीवर सामान लावायचा क्रम ठरतो. जाताना नमुने आधी उतरायचे आहेत, म्हणून ते गाडीत सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराशी ठेवा. रोपे मात्र जाताना घेऊ नका, येताना घ्या. सकाळी रोपे घेऊन दिवसभर साखर संकुल, मार्केट यार्ड, तुळशीबाग असे फिरत बसलात, तर बंद गाडीत रोपांचे काय होते? उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त उष्णता चढते. बाहेर ३५ असेल तर आत ५५ च्या वर. कोवळ्या रोपाला एवढे पुरे. वेळेआधी मांजरीला कळवून संध्याकाळी कधीपर्यंत रोपे मिळतील ते पक्के करावे आणि शहरातली कामे त्याप्रमाणे आटपावीत.

नुकसान किती? पाच फुटी सरी आणि दोन फुटांवर एक रोप धरले तर एका रोपाला १० चौरस फूट लागतात. १० गुंठ्यांचे १०,८९० चौरस फूट, म्हणजे १,०८९ रोपे. ४२ कपांच्या ट्रेचे २६ ट्रे. यातले पाच ट्रे गाडीत करपले तर २१० रोपे गेली, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. ऐकायला थोडे वाटते. परंतु हे मूलभूत बेणे आहे. एका क्षेत्राचे बेणे पुढच्या वर्षी साधारण दहापट क्षेत्राला पुरते असे धरले, तर ते दोन गुंठे पुढच्या वर्षी अर्धा एकर आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाच एकर होणार होते. पाच एकरांचे निरोगी बेणे डिकीत करपले, असा याचा अर्थ.

२६ ट्रे आणि १३ माणसे एका गाडीत येत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. प्रवासी गाडी प्रवाशांसाठी आणि त्यांच्या सामानासाठी. घरची सात-आठ आसनी गाडी असेल, तीनच माणसे असतील आणि मागचा बाक दुमडला तर थोडे ट्रे व्यवस्थित येतात. ट्रेवर ट्रे ठेवू नये, शेंडे मोडतात. मध्ये फळीचे किंवा लोखंडी पट्टीचे साधे दोन-तीन कप्प्यांचे मांडण करून घ्यावे आणि ते बाकाच्या हुकांना दोरीने बांधावे. गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो. रोपांना निघायच्या काही तास आधी पाणी दिलेले असावे, निघता निघता देऊ नये; ओला ट्रे जड होतो आणि गाडीभर चिखल होतो. काच उघडी ठेवून रोपांवर वारा सोडू नये. लांबच्या प्रवासात जोराच्या वाऱ्याने पाने सुकतात. घरी पोचल्यावर ट्रे लगेच उतरवून सावलीत ठेवावेत, "उद्या सकाळी बघू" म्हणू नये.

ट्रायकोकार्ड आणायचे असतील तर थर्मासच्या किंवा थर्माकोलच्या पेटीत, बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून. कार्ड बर्फाला चिकटू देऊ नये. त्यात हजारो मित्रकीटकांची अंडी असतात. उष्णतेने ती वाटेतच फुटली तर शेतात सोडायला काही उरत नाही. घरातल्या कोणाचे इन्सुलिन बरोबर असेल तर तेही याच पेटीत, वेगळ्या डब्यात ठेवता येते. गाडीत मात्र ठेवून जायचे नाही, पेटी बरोबर न्यायची.

मातीचा नमुना अर्धा किलो, स्वच्छ कापडी पिशवीत. आत आणि बाहेर चिठ्ठी, तीवर सभासदाचे नाव, गाव, गट नंबर. खताच्या रिकाम्या गोणीत माती आणणारे अजून आहेत. त्या मातीत जे सापडते ते शेतातले नसते, गोणीतले असते. गाडीतही नमुने खताशेजारी ठेवू नयेत.

रोगट उसाचा नमुना नेताना जास्त काळजी घ्यावी. ज्यांनी २००२ साली सांगली भागातून लोकरी मावा पसरताना पाहिला, त्यांना जास्त सांगायला नको. काणीचा पट्टा कापण्याआधी त्यावर पिशवी घालून तोंड बांधावे, मग कापावा. नाहीतर काळी भुकटी गाडीभर, आणि येताना त्याच गाडीत नवी रोपे. नमुना दुहेरी पिशवीत बंद करावा, आणि मांजरीला उतरवल्यावर डिकी झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. रिकाम्या ट्रेचा एक जुना कागद खाली अंथरला तर हे काम सोपे होते.

औषधांचे कॅन माणसांच्या डब्यात नकोत. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे अन्न किंवा जनावरांच्या खाद्याशी त्यांचा थेट संबंध येईल असे ती नेता येत नाहीत. आपण मात्र मार्केट यार्डातून तणनाशक घेतो आणि भाकरीच्या डब्याला टेकवून ठेवतो. झाकण सैल असले तर पेंडीच्या पोत्यात मुरते. असे सामान मागवायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी मालगाडीने.

सोयींबद्दल थोडे. सरकता दरवाजा पेठेच्या अरुंद गल्लीत फार उपयोगाचा, कारण उघडला की शेजारच्या रिक्षाला लागत नाही. मात्र चढावर उभ्या गाडीत तो आपोआप सरकून बोट चेपू शकतो; शेवटपर्यंत सरकवून अडकला की नाही ते बघावे. बऱ्याच दारांच्या कडेला एक छोटी कळ असते, लहान मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून. ती चुकून पडली की दार आतून उघडत नाही, आणि मग दार बिघडले म्हणून मंडळी गॅरेज शोधू लागतात. आधी ती कळ बघावी. दवाखान्यात न्यायचे वडीलधारे कोणी बरोबर असतील तर त्यांना दाराजवळची जागा, पायांपुढे सामान नको, आणि धरायच्या कड्याला पिशवी अडकवू नये. मोबाईलचा १२ व्होल्टचा सॉकेट साधारण १२० वॅटपर्यंत चालतो. त्यावर पाण्याची किटली लावायचा प्रयोग करू नये, फ्यूज जातो. आणि इंजिन बंद ठेवून चार फोन रात्रभर लावले तर सकाळी गाडी ढकलावी लागते.

आडसाली लागणीसाठी ज्यांना टिश्यू कल्चरची रोपे हवीत, त्यांनी गट कार्यालयात मागणी लिहून देताना क्षेत्र आणि ट्रेची संख्या यांबरोबर कोणती गाडी, किती माणसे हेही लिहावे. ज्या गटातून ५० च्या वर ट्रे होतील तिथे सभासदांनी मिळून छत असलेला एक टेम्पो करावा, आणि दौऱ्याची गाडी माणसांना मोकळी ठेवावी. ट्रेसाठीच्या मांडणाचे माप शेतकी कार्यालयात मिळेल. येताना आपल्या गाडीच्या डिकीची लांबी-रुंदी-उंची फुटात मोजून आणावी.